उद्याचं सांगून जा

सोनकांबळेविषयी चांगलं लिहायला बसलो की मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. लिहिणार चांगलंच आहे. माणूस चांगला होता, म्हणजे आहे. बदली होऊन लातूरला गेलाय, बाकी काही नाही. पण त्याचं नाव निघालं की छातीत जळजळतं, आणि ते पित्त नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. मला त्याचा हेवा वाटायचा. आजही वाटतो. साठीला टेकलो तरी हा हेवा उतरणीला लागल्याची काही लक्षणं नाहीत.

हैदराबादेत, चिक्कडपल्लीत एका कापडदुकानाच्या वर आमचा इंग्रजीचा क्लास चालतो. एकच लांबट खोली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. आतल्या अर्ध्यात मी व्याकरण शिकवतो, बाहेरच्या अर्ध्यात सोनकांबळे बोलायला शिकवायचा. दिवसा तो विम्याच्या ऑफिसात असे आणि संध्याकाळी इथे. वयाने माझ्याहून बराच लहान. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, पण मनात मी त्याला पहिल्या दिवसापासून एकेरीतच ठेवला होता.

आमचं घराणं मास्तरांचं. वडील सरकारी हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आम्ही राहतो त्या नल्लकुंट्यात अजूनही पांढऱ्या केसांची माणसं मला रस्त्यात थांबवतात आणि वडिलांनी कान पिळून पाठ करून घेतलेला नियम म्हणून दाखवतात: भविष्यकाळात आय आणि वुईच्या पुढे शॅल, बाकी सगळ्यांच्या पुढे विल. वडिलांनी स्वतः कापडावर रंगवलेला बारा काळांचा तक्ता माझ्याकडे आला. इस्टेट म्हणावी तर तेवढीच. तो तक्ता मी माझ्या अर्ध्या खोलीत लावला आणि बरीच वर्षं सुखाने शिकवलं. मग पार्टिशनच्या पलीकडे हसू यायला लागलं.

इंग्रजीच्या तासाला कुणी हसतं हे मला नवीन होतं. पार्टिशनला एक फट होती. माझी खुर्ची त्या फटीजवळ कशी सरकत गेली ते मला सांगता येणार नाही.

फटीतून दिसायचा तो असा: बूट दाराशी काढून ठेवलेले, पायात मोजे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि टेबलावर अर्धा पिऊन विसरलेला चहा. संपूर्ण चहा पिताना मी त्याला कधी पाहिलं नाही. कुणी बोलायला उठलं की तो थोडा पुढे वाकायचा. चूक झाली की आणखी थोडा वाकायचा, जणू आता खरी गंमत येणार आहे. समोरचा अडखळत अडखळत वाक्य संपवायचा, मग तो म्हणायचा, "समझ में आ गया. अब एक बार मैं बोलतूं, देखो." आणि तेच वाक्य नीट करून परत द्यायचा. चूक कुठे होती ते सांगायचाच नाही. हे काय शिकवणं झालं, असं मी चहावाल्याला दोनदा म्हणालो. चहावाला म्हणाला, "हौ सर, पन उनके पास भीड़ बहुत है."

भीड होतीच. माझ्याकडची दोन-तीन मुलं आधी "सर, थोडा उधर भी बैठतूं" म्हणून गेली आणि मग तिकडचीच झाली.

एकदा त्याने भविष्यकाळ काढला. मी कान टवकारले, कारण भविष्यकाळ म्हणजे आमच्या घरचा प्रांत. त्याने खिशातून बसचं तिकीट काढून वर धरलं. "टिकट हाथ में है, इतवार को निकलना पक्का है. क्या बोलना? आय अ‍ॅम लीव्हिंग ऑन संडे. टिकट नै लिया, पन दिल में बैठ गया कि जाना है. आय अ‍ॅम गोइंग टू लीव्ह. और अभीच, बैठे-बैठे सोचे, चलो निकल जाते? आय विल लीव्ह." मग त्याने तिकीट एकेकाच्या हातात दिलं. ज्याच्या हातात तिकीट तो एक बोलायचा, ज्याच्या हातात नाही तो दुसरं. नर्सिंग होममधली एक मुलगी तिकीट हातात येताच उठून उभीच राहिली आणि म्हणाली, ती खरंच निघालीय, दुबईला, फक्त अजून घरी सांगितलेलं नाही. सगळा वर्ग हसला.

त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांची आणि माझी सगळी व्याकरणं खाली काढली आणि चूक शोधत बसलो. चूक सापडेना. जेवण जाईना. तिकीट माझ्याही खिशात रोज असतं. ते वर धरावं असं मला कधी का सुचलं नाही, याचंच जास्त लागलं.

पण त्याची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीची होती. तास संपला की तो दाराशी जाऊन कडीवर हात ठेवून उभा राहायचा. प्रत्येकाने बाहेर पडताना उद्याचं एक वाक्य सांगायचं, इंग्रजीत. उद्या मी अमुक करीन. सांगितल्याशिवाय दार नाही. दुसऱ्या दिवशी तेच दार, तोच हात, आणि आत येणाऱ्याला एकच प्रश्न: "झालं?" मराठी येवो न येवो, हा एक शब्द सगळ्या वर्गाला समजायचा. नाही झालं म्हटलं तर रागावणं नाही, उपदेश नाही. "बरं, मग आजचं नवीन सांगा."

यादगिरी म्हणून एक कॅबवाला होता. विमानतळावरच्या प्रवाशांशी बोलता यावं म्हणून यायचा. तो रोज जाताना सांगायचा, "टुमारो आय विल नॉट ईट गुटखा," आणि रोज आत येताना दार भरेल एवढं हसून म्हणायचा, "नै हुआ सर." असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. मी असतो तर पहिल्याच आठवड्यात त्याला दारातून परत पाठवला असता. सोनकांबळे दर वेळी तितक्याच कुतूहलाने विचारायचा. शेवटी एक दिवस यादगिरीने आत न येता खिशातल्या पुड्या काढल्या, सोनकांबळेच्या ओंजळीत ओतल्या आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत जाऊन बसला. सोनकांबळे ती ओंजळ घेऊन सगळा तास शिकवत होता. खडू धरायला हात नव्हता, म्हणून फळ्यावर यादगिरीलाच लिहायला लावलं.

मला तो दाराशी कधी अडवत नसे. म्हणजे एकदा अडवलं होतं. "सर, तुमचं?" मी म्हणालो, "माझं काय, शिकवणार. रोजचंच." आणि जिन्याकडे वळलो. नंतर मी त्याच्या आधी पाच मिनिटं निघू लागलो.

इथवर हेवा धंद्यातला होता, तो मी सोसला. पुढचा घरात शिरला.

घरात आई आणि मी दोघंच. माझं लग्नाचं राहून गेलं. आई ऐंशीच्या घरात. धाकटा भाऊ न्यू जर्सीत, त्याची नात ईरा पाच वर्षांची. तिला मराठी अजिबात येत नाही. दर रविवारी फोनच्या पडद्यावर ईरा यायची, भराभर काहीतरी सांगायची, आई "यस, यस" म्हणत हात हलवायची. मग ईरा कंटाळून उठून जायची आणि आई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची. एका रविवारी फोन ठेवून ती म्हणाली, "मी आहे तोवर त्या पोरीशी एकदा मला बोलायचंय रे. नुसती हात हलवणारी म्हातारी म्हणून तिच्या ध्यानात राहायचं नाही मला."

मी म्हटलं, हात्तिच्या, मी आहे ना. तक्ता क्लासातून घरी आणला. वर्तमानकाळ नीट गेला असं मला वाटलं. भविष्यकाळाला आई गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी जरा आवाज चढवला तेव्हा ती म्हणाली, "तुझे वडील पण असंच शिकवायचे. नवं लग्न होतं. मी चुकले की ते डोळे मिटून घ्यायचे. मारलं नाही, बोलले नाहीत. नुसते डोळे मिटायचे. तू पण मिटतोस." आणि आत जाऊन भाजी निवडत बसली. अर्ध्या हैदराबादला इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या बायकोला इंग्रजी का आलं नाही, हा प्रश्न मला त्याआधी पडलाही नव्हता.

तेवढ्यात सोनकांबळे घरी आला. निमित्त साधं होतं. क्लासची किल्ली मी टेबलावर विसरलो होतो, ती द्यायला तो नल्लकुंट्यापर्यंत चालत आला. दार आईने उघडलं.

"कोण पाहिजे बाबा?"

"आज्जी, सरांची किल्ली ऱ्हायली होती. ती द्यायला आलो बगा."

हा सूर ऐकून आईने दार सताड उघडलं. "कुठले रे तुम्ही?"

"मूळचा जिंतूरकडला."

"अगं बाई! मी परभणीची! आत ये की, दारात कामून थांबलास?"

आई पन्नास-साठ वर्षांत माहेरचं 'कामून' म्हणाली नव्हती. माझ्यासमोर तरी नाही. तिने माहेर विचारावं तसं गाव विचारलं आणि मग आडनाव विचारलं. त्याने सरळ तिच्याकडे बघत सांगितलं. आमच्या घरात एकेकाळी आडनावावरून कप ठरायचे, हे तिला, मला आणि बहुधा त्यालाही माहीत होतं. मग आई उठली, काचेच्या कपाटाची किल्ली शोधली आणि धाकटा भाऊ अमेरिकेहून आला की निघतात ते सोनेरी काठाचे कप काढले. मी या घरात जन्मल्यापासून राहतोय. माझ्यासाठी ते कप एकदाही निघालेले नाहीत.

आणि त्या दिवशी त्याने चहा पूर्ण संपवला.

किल्ली मिळाल्यावर तो जाईल असं मला वाटलं होतं. आईने त्याला ईराचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आज्जी, तुमाला जिना चढायचा तरास. मी येतो न रविवारी. काही लागत नाही, धपाटे करा म्हंजे झालं." तिथेच ठरलं. मला कुणी विचारलं नाही. तक्ता भिंतीवर होता, त्याच्याकडेही कुणी बघितलं नाही.

रविवारी सकाळी तो आला की मला भाजी आणायला पाठवण्यात येई. मी पिशवी घेऊन निघायचो आणि बाल्कनीच्या कडेला थांबायचो. आत हसू. आई हसायची. मी मोठा होत असताना आई अशी हसल्याचं मला आठवत नाही. जाताना सोनकांबळे बूट घालून दाराशी उभा राहायचा आणि आई उद्याचं वाक्य सांगायची. "टुमारो आय विल मेक भाकर." "टुमारो आय विल नॉट शाउट ऑन कामवाली." पुढच्या रविवारी त्याचं "झालं?" आणि आईचं खाली बघून, "नाही रे. शाउट केलंच."

एकदा तिने त्याला विचारलं, "तू सगळ्यांना दारात असं धरून कामून ठेवतोस?" तो बूट बांधत होता. वर न बघता म्हणाला, "आमच्या घरी उद्याचं कुणी बोलत नव्हतं, आज्जी. बापाला उद्या काम मिळंल का न्हाई तेच ठाव नसायचं. माय म्हणायची, उद्याचं नाव काढू नको, आज चूल पेटली न. मला पहिल्यांदा शाळेत मास्तरांनी विचारलं, उद्या काय करशील, तर मला रडूच आलं. येत नव्हतं न उत्तर." मग लेस बांधून उठला आणि म्हणाला, "हं, सांगा आज्जी, उद्याचं." त्याच्या घरी, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली, त्याची दोन्ही मुलं रोज झोपताना उद्याचं सांगतात म्हणे. हे आईनेच मला नंतर सांगितलं. मला तो असलं काही सांगत नसे. मी विचारलंच कधी होतं?

मग तो रविवार आला. ईरा पडद्यावर आली. आईने चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ईरा, टुमारो आय विल मेक लाडू. यू? व्हॉट यू विल मेक?" मी स्वयंपाकघरात होतो. माझे डोळे आपोआप मिटले. मिटले ते मिटले; पण कानाने ऐकलं की ईरा उठून गेली नाही. ती म्हणाली, उद्या ती खोक्यांचा किल्ला करणार आहे, आणि त्यात एक खोली पणजीसाठी आहे. पुढच्या रविवारी आईने फोन लागताच विचारलं, "ईरा, झालं?" त्या पोरीने फोन उचलला आणि किल्ला दाखवायला घरभर पळाली. झालं हा ईराचा पहिला मराठी शब्द. आता ती पणजीला दर रविवारी विचारते, "आज्जी, झालं?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी आला तो हेवाच, आणि तो इतका मोठा होता की मी गॅसवरची आमटी उतू जाताना बघत उभा राहिलो. माझ्या आईला बोलतं करायचं काम माझं होतं. आमच्या घराण्याचं होतं.

बदलीची बातमी त्याने क्लासात सांगितली तेव्हा यादगिरी रडला. मी रडलो नाही. मला हलकं वाटलं, आणि मी ते कबूलही करतो. निघायच्या दिवशी तो आईला भेटायला आला. धपाट्यांचा डबा पिशवीत गेला, पाया पडून झालं, बूट घालून झाले. तो कडीला हात लावणार तेवढ्यात आई गुडघे धरत उठली आणि त्याच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली. कडीवर हात.

"उद्याचं सांगून जा."

सोनकांबळे हसला. मग हसणं थांबलं. शेकडो माणसांना दाराशी अडवणारा हा गडी, तोंड उघडलं आणि नुसताच उभा.

"आज्जी, मला हे शाळेनंतर कुणी इचारलंच नव्हतं."

"मग आता मी विचारते. लवकर सांग, बस जाईल."

त्याने बाहीने डोळे पुसले. "टुमारो आय विल फोन यू, आज्जी."

"मी विचारीन, झालं का म्हणून," आई म्हणाली आणि दार सोडलं.

त्याची एक बॅग मी उचलली. रिक्षाने आम्ही गौलीगुड्याला आलो. बसस्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. तो खिडकीशी बसला, मी खाली उभा. ड्रायव्हरने गाडी चालू केली. त्याने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून दारावर ठेवावा तसा पत्र्यावर ठेवला.

"सर, तुमचं ऱ्हायलंय. लई वर्षांचं."

मी इकडेतिकडे बघितलं. पाच मिनिटं आधी निघून जायला तिथे जिना नव्हता. हॉर्न वाजत होते. मी घशातून जे आलं ते ओरडलो, "टुमारो आय शॅल सिट विथ माय मदर! आय शॅल कीप माय आइज ओपन!"

तो पुढे वाकला, अगदी फटीतून दिसायचा तसाच. "समझ में आ गया," म्हणाला, "इचारतो, सर." आणि गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी मी आईसमोर बसलो. तक्ता गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. ती म्हणाली, "टुडे इव्हिनिंग आय विल गोइंग टेम्पल." मी डोळे उघडे ठेवले. डोळ्यांत पाणी आलं, पण उघडे ठेवले. "समजलं," मी म्हणालो. आई उठली आणि काचेच्या कपाटाची किल्ली शोधायला लागली.

सोनकांबळेचा फोन दर रविवारी येतो. आधी आईचा चेहरा पडद्यावर, मग त्याचा. मागे लातूरची कुठलीशी खिडकी, आणि टेबलावर अर्धा चहा. दोघं "झालं का, झालं का" करत बसतात. मी भाजी आणायला जात नाही आता. तिथेच आसपास असतो. पेपर चाळतो, फॅन कमी करतो, आईच्या खुर्चीमागून दोन-चार वेळा जातो, म्हणजे पडद्यावर मी दिसावा.

माझं झालंय. त्याने अजून विचारलेलं नाही.